कोणाला सांगायचे, कोणत्या नावाने? : ‘स्मृतिचित्रे’ आणि ‘बलुतं’ यांतील ‘मी’ची घडण

बीजशब्द : आत्मचरित्र, आत्मकथन, कथित ‘मी’, श्रोता, साक्ष, नामांतर, अहमदनगर जिल्हा

प्रास्ताविक

आत्मचरित्राविषयीच्या मराठी समीक्षेत एक गृहीतक फारसे तपासले न जाता वावरत आले आहे. व्यक्ती आधी घडते, आयुष्य जगते आणि उतारवयात किंवा एखाद्या निर्णायक टप्प्यावर ते आयुष्य कागदावर उतरविते, असे ते गृहीतक होय. त्यामुळे लेखकाने किती सांगितले, किती दडविले, कितपत प्रामाणिकपणा राखला, हेच प्रश्न पुनःपुन्हा विचारले जातात. आत्मचरित्र हा आरसा मानला, की तो स्वच्छ आहे की मळका एवढेच पाहायचे उरते. सांगण्याच्या क्रियेतच सांगणारा घडत असतो, ही शक्यता या चौकटीत बसत नाही.

गेल्या चार दशकांत मानसशास्त्र आणि तत्त्वज्ञान या दोन्ही क्षेत्रांत ही शक्यता गांभीर्याने घेतली गेली आहे. जेरोम ब्रूनर यांनी १९८७ मधील एका निबंधात आयुष्य हेही कथनासारखेच रचले जाते, अशी मांडणी केली. पॉल रिकर यांनी १९९० च्या ग्रंथात ‘तोच असणे’ आणि ‘स्वतः असणे’ असा भेद केला. शरीर, स्वभाव, सवयी यांचे सातत्य ही एक गोष्ट. दिलेल्या शब्दाला जागणारा कर्ता ही दुसरी. या दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे माणसाने स्वतःविषयी सांगितलेली कथा, असे त्यांचे म्हणणे. अशा संकल्पना आणून मराठी कृतींवर चिकटविण्याचा प्रघात आपल्याकडे आहे. त्यातून हाती फारसे काही लागत नाही. कृतींकडूनच या संकल्पनांना काही प्रश्न विचारता येतात का, हे पाहणे अधिक फलदायी ठरेल.

त्यासाठी येथे एकाच जिल्ह्याशी निगडित असलेल्या दोन कृती घेतल्या आहेत. लक्ष्मीबाई टिळक यांच्या ‘स्मृतिचित्रे’चा मोठा भाग अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) आणि राहुरी येथे घडतो. दया पवार यांच्या ‘बलुतं’चे मूळ अकोले तालुक्यातील धामणगावच्या महारवाड्यात आहे. अकोल्याच्या डोंगरात उगम पावणारी मुळा राहुरीवरून वाहत जाते. भूगोलाच्या दृष्टीने अंतर एवढेच. सामाजिक अंतर मात्र मोजता येणार नाही असे आहे. एक कोकणस्थ ब्राह्मण घरात जन्मलेली, फारसे शालेय शिक्षण न मिळालेली आणि पुढे ख्रिस्ती झालेली स्त्री. दुसरा महार कुटुंबात जन्मलेला, शिकून मुंबईत नोकरी करणारा, आंबेडकरी चळवळीत वाढलेला कवी. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झाले, ‘बलुतं’ १९७८ मध्ये ग्रंथालीने प्रकाशित केले. या दोन कृती शेजारी ठेवण्याचे कारण जिल्ह्याचा अभिमान नाही. दोन्ही सांगणाऱ्यांसमोर स्वतःविषयी बोलण्याचा एक तयार साचा होता, दोघांनीही तो वापरला नाही, आणि तो न वापरण्यातूनच त्यांचा ‘मी’ आकाराला आला, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. साचा नाकारणे शक्य झाले ते श्रोता बदलल्यामुळे, हा त्या प्रतिपादनाचा दुसरा भाग.

मुलाने मागितलेल्या आठवणी

‘स्मृतिचित्रे’च्या जन्माची हकिकत सर्वपरिचित आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९ मध्ये निवर्तले. त्यांचे चरित्र लिहावे या हेतूने पुत्र देवदत्त यांनी आईकडे आठवणी मागितल्या. मागणी वडिलांच्या आयुष्याची होती. हाती आले ते आईचे आयुष्य. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात ही घटना एक गोड योगायोग म्हणून सांगितली जाते. वस्तुतः कृतीच्या घडणीचे रहस्य येथेच आहे. लक्ष्मीबाईंना स्वतःविषयी बोलण्याचा अधिकार मिळाला तो पतीविषयी बोलण्याच्या निमित्ताने, आणि ऐकणारा होता तो पोटचा मुलगा. मुलापुढे आई पावित्र्याचा आव आणू शकत नाही, कारण त्याने घर आतून पाहिलेले असते. आणि फार कडवटही होऊ शकत नाही, कारण ज्याच्याविषयी बोलायचे तो त्याचा बाप असतो. या दोन मर्यादांच्या मध्ये जो स्वर शिल्लक राहतो तो ‘स्मृतिचित्रे’चा स्वर आहे. त्याला नुसते ‘मिस्कील’ म्हणून मोकळे होणे हा समीक्षेचा आळस आहे.

स्त्रीने मुलाला आपले आयुष्य सांगावे, याला या प्रदेशात जुना आधार आहे. तुकोबांच्या शिष्या, सतराव्या शतकातील संत बहिणाबाई यांनी अखेरच्या काळात पुत्र विठोबाला उद्देशून आपल्या पूर्वीच्या बारा जन्मांची हकिकत अभंगांतून सांगितली. नवरा, शास्त्री, गाव यांच्यापैकी कोणापुढेही जे मांडता आले नसते ते मुलापुढे मांडले गेले. बहिणाबाईंचा ‘मी’ तेरा जन्मांवर पसरलेला आहे, लक्ष्मीबाईंचा एकाच जन्मात दोन धर्मांवर. लक्ष्मीबाईंपुढे बहिणाबाईंचा आदर्श होता असे सुचविण्याचा येथे हेतू नाही. कथनाची जागा तीच राहिली, एवढेच लक्षात घ्यावे.

आता साच्याकडे वळावे. अमेरिकन मराठी मिशनचे कार्य अहमदनगरमध्ये १८३१ पासून सुरू झाले, ‘ज्ञानोदय’ १८४२ मध्ये येथूनच निघू लागले. मिशनच्या जगात नवख्रिस्ती माणसाने आपल्या परिवर्तनाची ‘साक्ष’ देणे ही रूढ गोष्ट होती. या साक्षीला ठरलेला क्रम असतो : आधीचा अंधार, संशय, एखादे पुस्तक किंवा भेट, प्रकाश, बाप्तिस्मा, छळ आणि शांती. बाबा पदमनजी यांचे ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र नावापासूनच या क्रमाची आठवण करून देते. टिळकांच्या धर्मांतराची हकिकतही याच क्रमाने सांगितली जाते. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एक युरोपीय सहप्रवासी भेटतो, नवा करार हाती देतो आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत करतो. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा होतो. पुस्तक, भाकीत, पूर्तता. कथा म्हणून ती बिनतोड आहे.

त्याच घरातील दुसऱ्या व्यक्तीची कथा या क्रमाने चालत नाही. पतीच्या बाप्तिस्म्याचा प्रकाश पत्नीपर्यंत पोहोचतो तो आकांत म्हणून. त्यानंतरची काही वर्षे ती पंढरपूरला बहिणीच्या आधाराने काढते. तिच्या पद्यरचनेची सुरुवातही या ताटातुटीच्या काळाशी जोडलेली आहे. पुढे ती नगरला पतीजवळ येते, पण आपला स्वयंपाक, आपले पाणी वेगळे ठेवते. १९०० मध्ये राहुरीला तिचा बाप्तिस्मा होतो. साक्षीच्या साच्यात हा क्षण शिखर ठरला असता. ‘स्मृतिचित्रे’त शिखर दुसरीकडेच आहे : माणसामाणसांतील जातिभेद देवाने केलेला नाही, तो माणसांनी केला, असे एके दिवशी तिच्या मनात येते, आणि त्यानंतर कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचा ती निश्चय करते. सिद्धान्त आधी आणि आचार नंतर असा तो प्रवास नाही. पाण्याचे भांडे, चूल, पंगत यांच्या व्यवहारातून तो झालेला आहे.

या प्रसंगाचे वजन कळण्यासाठी ग्रंथाच्या आरंभाकडे जावे लागते. १८५७ च्या धामधुमीत मातुल घराण्यातील कर्त्या पुरुषाला झालेली फाशी आणि त्यानंतर वडिलांच्या ठिकाणी बळावलेले सोवळ्याचे वेड यांपासून लक्ष्मीबाई सुरुवात करतात. बाजारातून आलेली वस्तू धुऊन घेण्यापर्यंत मजल गेलेल्या त्या घरात मुलींचे बालपण भयाच्या छायेत गेले. तरीही निवेदन हसत हसत होते. सोवळ्याचा हा धागा वडिलांच्या घरापासून नगरच्या वेगळ्या चुलीपर्यंत आणि तेथून राहुरीपर्यंत अखंड जातो. निवेदिका तो धागा बोट दाखवून दाखवीत नाही. ‘अशा घरात वाढलेली मी अशी झाले’ असे विधान ती कोठेही करीत नाही. वाचकाला मात्र तो दिसल्यावाचून राहत नाही.

येथे एका आक्षेपाची दखल घेणे आवश्यक आहे. ब्रिटिश तत्त्वज्ञ गेलन स्ट्रॉसन यांनी २००४ मध्ये कथनवादी भूमिकेला विरोध केला. प्रत्येक माणूस आपले आयुष्य सलग कथा म्हणून अनुभवतो हे खरे नाही, काही माणसे सुट्या प्रसंगांतच जगतात आणि त्यामुळे त्यांचे जगणे उणे ठरत नाही, असे ते म्हणतात. ‘स्मृतिचित्रे’ या शीर्षकातील ‘चित्रे’ हा शब्द त्यांच्या बाजूने उभा राहतो. लक्ष्मीबाई चित्रे मांडतात, निष्कर्ष काढत नाहीत. एका चित्रातून दुसऱ्यात जाताना कारणपरंपरा जुळविण्याची घाई त्यांना नाही. तरीही हा ‘मी’ विस्कळीत वाटत नाही. त्याला धरून ठेवणारी गोष्ट कथानकात शोधली तर सापडणार नाही, ती स्वरात आहे. आणि स्वर श्रोत्यामुळे टिकतो. कथनवादी आणि त्यांचे विरोधक दोघेही कथानकावरच खिळून राहिले, ऐकणारा दोघांच्याही हिशेबातून सुटला, असे या कृतीच्या आधारे म्हणता येते.

नावाचा प्रश्नही येथेच येतो. माहेरची मनकर्णिका गोखले, घरात मनू. १८८० मध्ये विवाह झाल्यावर लक्ष्मी टिळक. ज्या काळात पत्नी पतीचे नाव उच्चारीत नसे त्या काळातील ही लेखिका पतीचा उल्लेख सर्वत्र ‘टिळक’ असा करते. या एका शब्दाने दोन कामे होतात. नाव घेण्याचा संकेत मोडत नाही, आणि पती हा ‘इकडचे’ न राहता एक स्वतंत्र पात्र बनतो. त्याच्याकडे काही अंतरावरून पाहता येते, त्याचा विक्षिप्तपणा, हाती आलेला पैसा देऊन टाकण्याची सवय, न सांगता निघून जाणे या साऱ्यांवर हसताही येते. शिवाय सांगणारीचे आडनावही टिळकच आहे, ही गोष्ट वाचक विसरू शकत नाही. विवाहाने लादलेले नाव दूर सारून स्वतःचे मूळ नाव शोधण्याचा मार्ग पुढील काळातील काही लेखिकांनी पत्करला. लक्ष्मीबाईंनी तसे केले नाही. लादलेल्या नावातच त्यांनी आपल्यापुरती ऐसपैस जागा करून घेतली. टिळकांनी आरंभिलेल्या ‘ख्रिस्तायन’ या महाकाव्याचे सुमारे साडेदहा अध्याय त्यांच्या हातून झाले होते. लक्ष्मीबाईंनी त्यात चौसष्ट अध्यायांची भर घातली. पतीच्या सावलीतील स्त्री, असे ज्यांना म्हणावयाचे असेल त्यांनी हे प्रमाण एकदा पाहावे.

दगडू सांगतो, दया ऐकतो

फ्रेंच समीक्षक फिलिप लेजून यांनी १९७५ मध्ये आत्मचरित्राची एक प्रसिद्ध अट सांगितली. मुखपृष्ठावरील लेखक, निवेदक आणि नायक या तिघांचे नाव एकच असले पाहिजे. हा लेखकाने वाचकाशी केलेला करार होय. ‘बलुतं’ हा करार पाळते आणि मोडतेही. मुखपृष्ठावर दया पवार हे नाव आहे. आत मात्र दगडू मारुती पवार बोलतो आणि दया पवार त्याचे ऐकतो. कागदोपत्री ही दोन्ही नावे एकाच माणसाची आहेत. समाजात त्यांची किंमत एक नाही.

या रचनेची वाखाणणी ‘अभिनव तंत्र’ म्हणून झाली आहे. तंत्राचा भाग त्यात थोडा आहे, गरजेचा अधिक. मुले जगावीत म्हणून किंवा हीन लेखलेल्यांना हीन नावेच शोभतात म्हणून ज्या समाजात दगडू, धोंडू, कचरू अशी नावे ठेवली जात, त्या समाजातून आलेला माणूस शिकतो, नोकरीला लागतो, कविता लिहू लागतो आणि ‘दया पवार’ या नावाने ओळखला जातो. (करुणेची भीक नाकारणाऱ्या चळवळीतील कवीच्या वाट्याला ‘दया’ हे नाव यावे, यातला विरोधाभास बोलका आहे.) या दुसऱ्या नावाला पांढरपेशा वस्तीत वावरता येते. पण ते नाव धारण करणाऱ्याला धामणगावचा महारवाडा, मुंबईतील कावाखाना, गोदीत राबणारा बाप, संगमनेरच्या वसतिगृहातील दिवस हे सारे थेट सांगता येत नाही. सांगू लागले की ते एकतर तक्रारअर्ज होते किंवा भाषण. दगडूला ती अडचण नाही. त्याला समोरच्याची सभ्यता सांभाळायची नाही, कारण समोरचा तोच आहे.

म्हणजे येथेही श्रोत्याने कथन शक्य केले. लक्ष्मीबाईंचा श्रोता मुलगा. दगडूचा श्रोता त्याचाच सुशिक्षित, लाजणारा अर्धा भाग. फरक असा, की देवदत्तांना आईच्या आठवणी हव्या होत्या. दयाला दगडूच्या आठवणी नकोशा आहेत. नकोसे असलेले कोणी आग्रहाने सांगू लागले म्हणजे जो ताण निर्माण होतो तो ‘बलुतं’च्या निवेदनात शेवटपर्यंत जाणवतो.

तयार साचा येथेही होता. आंबेडकरी जलसे, सभा आणि गीते यांतून समाजाच्या आयुष्याची एक सामूहिक कथा १९५६ च्या धर्मांतराच्या आधीपासून आकाराला येत होती : गुलामी, बाबासाहेबांचे आगमन, जागृती, मेलेली ढोरे ओढण्यास नकार, शिक्षण, धम्म. ती कथा खरी आहे आणि तिच्यामुळे लक्षावधी माणसांना ताठ मानेने उभे राहता आले, हे प्रथम मान्य करून मगच पुढे जावे. महार वतनांच्या कायदेशीर समाप्तीचा कायदा १९५८ चा. त्याच्या कितीतरी आधी वतनाची लाज वाटू लागली ती या कथेमुळे. पण सामूहिक कथेत दगडूला जागा अपुरी पडते. तो भित्रा आहे, लैंगिक आकर्षणांनी ओढला जातो, आपल्याच माणसांची त्याला लाज वाटते, आणि त्या लाजेचीही लाज वाटते. चळवळीच्या कथेतील नायकाला हे शोभत नाही. ‘बलुतं’ प्रसिद्ध झाल्यावर मध्यमवर्गीय वाचक हादरले हे जितके खरे, तितकेच स्वसमाजातील काही सुशिक्षितांना ही उघडी मांडणी बोचली हेही खरे. ज्यांनी कष्टाने नवी ओळख उभी केली होती त्यांना जुनी ओळख चव्हाट्यावर आणल्यासारखे वाटले. ती प्रतिक्रिया कोतेपणाची म्हणून झटकून टाकणे सोपे आहे. तिच्यामागे एक रास्त भय होते : लोक तेवढेच लक्षात ठेवतील, हे भय.

शीर्षकाचा अर्थही या संदर्भात पाहावा. गावकीच्या कामाबद्दल बलुतेदाराला मिळणारा धान्याचा वाटा म्हणजे बलुतं. तो मागून घ्यावा लागतो, पण तो भीक नव्हे, हक्क आहे. आणि हक्क असूनही तो अपमानासह मिळतो. स्वतःची कहाणी हेच असे बलुतं आहे, हे शीर्षक सुचविते. माणूस ती निवडत नाही, जन्माने ती पदरात पडते, आणि नाकारायची म्हटले तरी खळ्यावर जाऊन उभे राहावेच लागते. रिकर यांच्या मांडणीत कथा ही ‘मी’ने रचावयाची गोष्ट आहे. ज्याची कथा गावाने आधीच रचून ठेवली आहे, त्याचे काय, हा प्रश्न त्यांच्या ग्रंथात इतक्या टोकदारपणे येत नाही.

दुसऱ्याचा वाटा

स्वतःची गोष्ट सांगताना दुसऱ्याचीही सांगितली जाते. या बाबतीत दोन्ही कृती सारख्या निर्दोष नाहीत.

‘बलुतं’मधील पहिली पत्नी, निवेदनातील सई, हा त्या ग्रंथाचा सर्वांत अवघड भाग आहे. संशय, दुरावा आणि अखेर विच्छेद असा हा प्रवास निवेदक स्वतःला न वाचविता सांगतो, असा निर्वाळा बहुतेक समीक्षकांनी दिला. स्वतःला न वाचविणे हा गुण खरा. पण निवेदनाला येथे दोन आवाज उपलब्ध आहेत, दगडूचा आणि दयाचा. सईचा एकही नाही. ज्या रचनेने एका माणसाला दोन तोंडे दिली, त्याच रचनेत ज्या स्त्रीवर संशय घेतला गेला ती मुकी राहते. तिच्याविषयीचा पश्चात्तापही पुन्हा पुरुषाच्याच ‘मी’ची खोली वाढवितो. पुढे १९८४ मध्ये मल्लिका अमर शेख यांचे ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ आणि १९८६ च्या सुमारास शांताबाई कांबळे, बेबी कांबळे यांची आत्मकथने आली. ‘जिणं आमुचं’ या शीर्षकातील अनेकवचन पुष्कळ काही सांगून जाते. या लेखनाने दलित आत्मकथनातील ‘मी’ हा पुरुषी ‘मी’ होता, हे प्रथमच मराठी वाचकाच्या लक्षात आणून दिले.

लक्ष्मीबाईंच्या हातून टिळकांना अधिक न्याय मिळाला असे वाटते, याचे कारण चित्राची पद्धत. प्रसंगात टिळक बोलतात, चुकतात, रडतात, समजूत काढतात. त्यांच्यावरचा निकाल राखून ठेवलेला असतो. ज्यांचे बोलणे टिपले गेले त्यांना निदान बाजू मांडण्याची संधी मिळते. अर्थात ‘स्मृतिचित्रे’तही पडद्याआड राहिलेली माणसे आहेत. नगर, राहुरी परिसरातील मिशनच्या मंडळ्यांत बहुसंख्य ख्रिस्ती कुटुंबे महार आणि मांग समाजांतून आलेली होती. दुष्काळाच्या आणि प्लेगच्या काळातील सेवेच्या निमित्ताने ती ग्रंथात येतात, निवेदिकेचे त्यांच्यावर प्रेमही आहे. तथापि त्यांच्या धर्मांतराची कथा त्यांच्या तोंडून ऐकू येत नाही. जात सोडल्याचा आनंद सोडणाऱ्याच्या बाजूने सांगितला गेला. जिच्याकडून पाणी घेतले तिला काय वाटले, हे सांगणारे ‘स्मृतिचित्रे’ त्या वस्तीतून त्या काळी लिहिले गेले नाही.

वर्गातील साचे

या दोन्ही कृती आज पदवी आणि पदव्युत्तर वर्गांत शिकविल्या जातात; सामान्यतः एक ‘स्त्रियांची आत्मचरित्रे’ या शीर्षकाखाली आणि दुसरी ‘दलित आत्मकथने’ या शीर्षकाखाली. वर्गीकरण सोयीचे असते. त्याचा परिणाम असा होतो, की लक्ष्मीबाईंच्या जातीविषयी आणि दगडूच्या पुरुषपणाविषयी प्रश्नच विचारला जात नाही. ज्या साच्यातून या दोघांनी स्वतःला सोडवून घेतले त्याच साच्यात उत्तरपत्रिका त्यांना परत बसविते.

याहून चिंतेची गोष्ट वर्गाबाहेर आहे. पाथर्डीच्या ऊसतोड कुटुंबातून किंवा अकोल्याच्या आदिवासी पाड्यातून महाविद्यालयात आलेल्या पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला स्वतःविषयी बोलण्याचे प्रसंग आज अनेक येतात : मुलाखत, शिष्यवृत्तीचा अर्ज, सत्कार समारंभ. त्यासाठी त्याच्यापुढे एकच नमुना ठेवला जातो, तो म्हणजे स्पर्धा परीक्षेतील यशोगाथा. गरिबी, आईचे कष्ट, अपुरा उजेड, जिद्द, निकाल, पेढे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डॅन मॅकॲडम्स यांनी अमेरिकन जीवनकथांतील अशा ‘दुःखातून उद्धार’ या आराखड्याचा अभ्यास केला आहे, आणि त्याची दुसरी बाजूही नोंदविली आहे. ज्यांच्या दुःखाचे काही चांगले झाले नाही त्यांना तो आराखडा उपयोगी पडत नाही. परीक्षा देणाऱ्यांतील फार थोडे उत्तीर्ण होतात. उरलेल्यांची पाच-सहा वर्षे कोणत्या कथेत बसवायची? नापास झालेला तरुण गावी परततो तेव्हा त्याच्यापाशी नोकरी नसते, आणि झालेले कोणाला सांगता येईल अशी गोष्टही नसते. आईच्या कष्टांचा उल्लेख आता तिच्या पदरी अपयश घालणारा ठरतो, म्हणून तोही तो टाळतो. अशा विद्यार्थ्यासमोर ‘स्मृतिचित्रे’ आणि ‘बलुतं’ आणायचे ते आदर्श म्हणून नको. त्यांतील एकही कथा यशावर संपत नाही, आणि तरीही ती सांगण्यासारखी ठरली, एवढ्या कारणासाठी आणावे.

सांगितलेला ‘मी’ आणि उरलेला

कथनातून ओळख घडते हे मान्य केले, की तिने माणूस बांधलाही जातो हे मान्य करावे लागते. ‘बलुतं’ लिहिले तेव्हा दया पवार यांनी चाळिशी नुकतीच ओलांडली होती. त्याआधी १९७४ मध्ये त्यांचा ‘कोंडवाडा’ हा कवितासंग्रह आला होता. १९९० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. १९९६ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत आणि त्यानंतरही त्यांची ओळख करून दिली जाते ती ‘बलुतंकार’ अशी. दगडूचे नाव मागे टाकण्यासाठी घेतलेल्या नावाला अखेर दगडूच्याच गोष्टीने चिकटून राहावे लागले. पुस्तकानंतरची अठरा वर्षे त्या पुस्तकात नाहीत, आणि वाचकांनी ती फारशी मागितलीही नाहीत. मागे ज्या भयाचा उल्लेख आला, लोक तेवढेच लक्षात ठेवतील या भयाचा, ते समाजाच्या बाबतीत किती खरे ठरले हा वादाचा विषय आहे. लेखकाच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरे ठरले.

लक्ष्मीबाईंच्या वाट्याला हे आले नाही. फेब्रुवारी १९३६ मध्ये नाशिक येथे त्यांचे निधन झाले तेव्हा ‘स्मृतिचित्रे’चा चौथा भाग अपुरा होता. ज्याने आठवणी मागितल्या होत्या त्या मुलाने तो पुरा केला. त्या शेवटच्या पानांत ‘मी’ म्हणणारा आवाज देवदत्तांचा आहे, आणि आई ही आता त्याच्या गोष्टीतील व्यक्ती आहे.